अर्धी ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. खरे सांगायचे तर पूर्ण ताडपत्रीही नाही, अर्धीच आहे. माझे तीन काठ दुहेरी शिवलेले आहेत, त्यांना पितळी कड्या आहेत आणि कोणाही घरंदाज ताडपत्रीला शोभतील असे ते आहेत. चौथ्या बाजूला मात्र विळ्याने कापलेली वेडीवाकडी कड आहे. तिच्यातून सुते लोंबतात. वारा आला की ती फडफडतात आणि येणारा-जाणारा हमखास विचारतो, "हिला काय झालं?" अशा वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे होते. कापले गेल्याची मला लाज नाही. कापण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात जे घडले, त्याची आहे. तेच आज तुम्हाला सांगते. ऐकून नावे ठेवलीत तरी माझी तक्रार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाडजूड सुती कापडाला आधी तेल चोळले, मग मेण चोळले आणि मी पाण्याला दाद देईनाशी झाले. मला शिवणारी बाई अंगाने बारीक होती. माझे ओझे मांडीवर घेऊन ती यंत्र चालवायची, तेव्हा तिला घाम फुटायचा. शेवटची कडी ठोकून झाल्यावर तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाई, कुणाच्या तरी डोक्यावर नीट राहा." तेव्हा मी नवी होते, अंगाला मेणाचा वास येत होता. मला वाटले, यात काय अवघड आहे?

एका वीटभट्टीच्या मालकाने मला विकत घेतले. ही भट्टी मोठ्या चमत्कारिक जागी आहे. एका बाजूला नजर पोहोचेल तिथवर सपाट शेते, दुसऱ्या बाजूला आधी बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामागे उंच डोंगर. मैदान संपते आणि चढ सुरू होतो, नेमके तिथे आमचे अंगण. अंगणात मडके ठेवले तर कलंडत नाही, पण मुलांनी चेंडू ठेवला तर तो थांबत नाही, हळूहळू शेतांकडे निघतो.

भट्टीवर पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात खिळ्याला रेडिओ टांगलेला असतो आणि उन्हाळाभर सकाळी त्यावर हवामानाचा अंदाज लागतो. अंदाज सांगणाऱ्या बाईंचा आवाज गोड आहे, पण त्यांच्या दोन वाक्यांनी आमच्याकडे जितकी भांडणे लावली तितकी कोणत्या सासूनेही लावली नसतील. पहिले वाक्य असे: "मैदानी भागात उष्णतेची तीव्रता वाढेल." दुसरे असे: "डोंगरपायथ्याच्या भागात दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळी पावसाची शक्यता आहे." आता आम्ही मैदानातले की पायथ्याचे? आमच्या अर्ध्या अंगणाला पहिले वाक्य लागू होते आणि अर्ध्याला दुसरे. ज्याला ज्याची धास्ती, ते वाक्य त्याचे.

भांडण का, तेही सांगते. विटा थापल्या की त्या कच्च्या असतात. मऊ, ओल्या, नुसत्या चिखलाच्या. अंगणात रांगांनी मांडून त्या उन्हात वाळवाव्या लागतात आणि मगच भट्टीत रचता येतात. म्हणजे विटांना ऊन हवे. पण वळवाचा एक तडाखा बसला की वीट पुन्हा चिखल होते आणि सगळ्यांचे कष्ट पाण्यात जातात. म्हणून ढग आले की विटांवर ताडपत्री हवी. आणि ऊन तापले की माणसांवर ताडपत्री हवी. गवताचे तट्टे होते, फाटकी पोती होती, पण पुरेशी मोठी ताडपत्री भट्टीवर एकच होती. ती मी.

सुरुवातीची वर्षे माझी फार सुखाची गेली. सकाळी मला बांबूंवर ताणून बांधत आणि माझ्याखाली एक छोटेसे गाव वसे. पाण्याचे माठ, डब्यांच्या पिशव्या, बांबूला बांधलेली झोळी, झोळीत तान्हे बाळ आणि खाली धुळीत खेळणारी चिल्लीपिल्ली. थापणाऱ्या बायका आपापली मुले तिथे सोडून कामाला जात. त्या सगळ्या मुलांना सांभाळायला आत्या असायची.

आत्या म्हणजे मुकादमाची आत्या, पण सगळी भट्टी तिला आत्याच म्हणे. मुकादमाची आई लवकर गेली. त्याला लहानाचे मोठे केले ते आत्याने. तो आता चांगला आडदांड गडी झाला होता. त्याच्या आवाजाने माणसे कामाला लागत. पण आत्याला ते कुठे पटते? ती भर अंगणात हाक मारायची, "बारक्या! पाणी प्यायलास का रे?" बायका तोंडाला हात लावून हसायच्या. मुकादम लाल होऊन जवळ यायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, "आत्या, माणसांसमोर तरी बारक्या म्हणू नकोस गं."

"मग काय म्हणू? मुकादमसाहेब?" असे म्हणून आत्या त्याच्या हातात तांब्या द्यायची.

चिखल तुडवून तुडवून गुडघे गेलेला एक म्हातारा होता, त्याला सगळे गुडघेदादा म्हणत. रेडिओचा अंदाज झाला की ते आपल्या गुडघ्याचा अंदाज सांगत. गुडघा ठणकला म्हणजे पाऊस, नाही ठणकला म्हणजे ऊन. गुडघा बहुतेक वेळा चुकायचा, पण त्यांचा त्याच्यावरचा विश्वास काही ढळला नाही. दुपारी सगळे माझ्याखाली येऊन टेकायचे तेव्हा ते मला कौतुकाने निरखत आणि म्हणत, "ही नसती तर आपण विटांच्या आधी भाजून निघालो असतो." असे कोणी म्हटले की मी उगाचच आणखी ताणून घ्यायची.

पहिला फटका बसला तो एका उन्हाळ्याच्या मध्यावर. त्या सकाळी रेडिओने नेहमीची दोन वाक्ये सांगितली. मुकादमाने आकाशाकडे पाहिले. आकाश तांब्याच्या भांड्यासारखे लख्ख होते. "आज आपण मैदानातले," असे म्हणून त्याने मला बांबूंवरच राहू दिले. दुपार कलली आणि डोंगराआडून काळा ढग अक्षरशः धावत आला. माझ्या गाठी सोडायला कोणी पोहोचेपर्यंत टपोऱ्या थेंबांनी अंगण फोडून काढले. मुले माझ्याखाली कोरडी राहिली. विटांच्या रांगा मात्र एकमेकींच्या गळ्यात पडून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी मालक आला. तो ओरडला नाही. सगळ्यांच्या देखत खाली वाकला, विरघळलेल्या विटेचा एक गोळा उचलला आणि मुकादमाच्या तळहातावर ठेवला. "धर," म्हणाला, "ही तुझी मुकादमी." चिखल मुकादमाच्या बोटांमधून गळत होता. तो हात झटकायचे विसरला. थापणाऱ्या बायका जमिनीकडे पाहत राहिल्या. त्या दिवसापासून मुकादमाच्या मनात धास्ती बसली. ढग दिसला की त्याची नजर पहिल्यांदा विटांकडे जायची.

आता त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. तीच मला गिळता येत नाही.

त्या वर्षी ऊन असे होते की लोखंडी घमेल्याला हात लावला तर चटका बसायचा. अंगण कच्च्या विटांनी भरले होते, दोन दिवसांत भट्टी रचायला घेणार होते. सकाळी रेडिओ बोलला. मैदानात उष्णतेची तीव्रता वाढेल, पायथ्याला वादळी पावसाची शक्यता आहे. गुडघेदादा लंगडत खोलीबाहेर आले आणि म्हणाले, "माझा गुडघा रात्रीपासून ठणकतोय. आज बरसणार."

"तुमचा गुडघा परवाही ठणकत होता," एक बाई म्हणाली.

"परवाचं ठणकणं वेगळं."

कोणी हसले, कोणी नाही. मुकादम मात्र हसला नाही. तो डोंगराकडे बघत होता. तिथे कापसाच्या गाठींसारखे ढग एकावर एक चढायला लागले होते.

दुपार व्हायच्या सुमारास आत्या कळशी घेऊन पाण्याच्या पंपावर गेली. जाताना एका मोठ्या पोरीला "झोळी हलवत राहा गं" असे सांगून गेली. ती वळली आणि मुकादम दोन गडी घेऊन आला. त्याने माझ्या दोरीला हात घातला. मला वाटले, वाऱ्यासाठी जरा सैल करतो आहे. पण पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली आणि मी एका अंगाने खाली आले. माझ्या सावलीला सरावलेली मुले एकदम डोळे मिचकावू लागली. झोळीतले बाळ जागे झाले आणि रडायला लागले. मुकादमाने तिकडे पाहिले नाही. "आटपा, आटपा," एवढेच तो गड्यांना म्हणत होता. ते मला ओढत घेऊन गेले, विटांवर अंथरले आणि माझ्या कोपऱ्यांवर दगड ठेवले.

मित्रांनो, विटांना माझी काही गरज नव्हती. त्या मजेत वाळत होत्या. मी त्यांच्यावर पसरले तेव्हा त्यांचीही घुसमटच झाली असेल. आणि मी तिथे पडल्या पडल्या सगळे बघत होते. ताडपत्रीला मान वळवता येत नाही.

आत्या कळशी घेऊन परतली. उघड्या बांबूंजवळ येऊन उभी राहिली आणि वर बघितले. "बारक्या," तिने विचारले, "छप्पर कुठं गेलं?"

मुकादम विटांपाशी उभा होता. तो तोंड न वळवता म्हणाला, "पाऊस आहे, आत्या. दुपारनंतर येणार. तेवढ्यापुरतं निभावून ने."

ती भांडली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "बरं."

पक्क्या विटांची एक थप्पी जवळ उभी होती. भर दुपारी तिच्या कडेला सावलीची एवढीशी पट्टी पडते, तेवढीच होती. आत्याने सगळ्या मुलांना त्या पट्टीत थप्पीला चिकटवून बसवले. झोळी थप्पीच्या आडोशाला हलवली. डोक्याचे फडके काढून कळशीत बुडवले आणि झोळीवर पसरले. सगळ्यांत धाकट्या मुलीला पट्टीत जागा उरली नाही. मग आत्या उन्हाकडे पाठ करून बसली, म्हणजे तिची स्वतःची सावली त्या मुलीवर पडेल. मी इतकी मोठी, अंगभर मेण लावलेली, आणि माझे काम ती म्हातारी पाठीने करत होती.

वारा पडला. पान हलेना. डोंगराकडून गडगडाट ऐकू आला, तशी सगळ्यांनी आशेने माना वर केल्या. ढग काळेभोर झाले होते. त्यांच्याखाली टेकड्यांवर पावसाचा राखाडी पडदा सुटलेला इथून स्पष्ट दिसत होता. तो पडदा तिथेच उभा राहिला. आमच्याकडे एक थेंबही आला नाही, आला तो नुसता दमट उबारा. त्या दिवशी अंदाज अजिबात चुकला नव्हता. पायथ्याला पाऊस झाला, मैदानात ऊन वाढले. आम्ही मैदानातले निघालो.

ती धाकटी मुलगी तुरुतुरु चालत आपल्या आईकडे गेली. आई विटेचा साचा रिकामा करत होती. मुलगी तिच्या ओल्या हाताला धरून म्हणाली, "आत्या उठत नाही."

बाई किंचाळली. मुकादम धावला. आत्या थप्पीला टेकून कलली होती. तिच्या अंगाला घामसुद्धा नव्हता आणि अंग तव्यासारखे भाजत होते. मुकादमाने तिला हाका मारल्या, मग वेड्यासारखा माझ्याकडे आला आणि लाथेने दगड उडवले. एक दगड उडेना, तेव्हा त्याने मला तशीच हिसकली. माझा कोपरा टर्रकन फाटला. चौघांनी मला डोक्यावर धरले, माझ्याखालून बाकीच्यांनी आत्याला उचलले आणि सगळी वरात पंपाच्या खोलीकडे पळत निघाली. बांबू नव्हते, दोर नव्हता, माणसांच्या हातांवर मी थरथरत होते. विटा मागे उघड्या पडल्या. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

पंपाच्या खोलीपुढे हौद आहे. तिथे मला दारावरून ताणून धरले आणि आत्याच्या अंगावर पाणी ओतत राहिले. निरोप गेला तशी दवाखान्यातली नर्सबाई स्कूटरवरून आली. ती कामाला लागली. बऱ्याच वेळाने आत्याने डोळे किलकिले केले आणि पहिल्यांदा तिची नजर माझ्यावर पडली. मला तेव्हाच फाटून दोन व्हावेसे वाटले.

नर्सबाईने घाम पुसला आणि सगळ्यांकडे रागाने पाहिले. "एवढ्या उन्हात हिला कुणी बसवलं?"

मुकादम पुन्हा हौदातून पाणी उपसू लागला. गुडघेदादा आपला गुडघा चोळत राहिले.

तेव्हा आत्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "उन्हात कुठं? ही होती की डोक्यावर." आणि तिने कापरे बोट माझ्याकडे दाखवले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटले, उन्हाने म्हातारीचे डोके फिरले आहे. शुद्धीवर आल्यावर वर मी दिसले, तेव्हा तिला वाटले असणार की मी पहिल्यापासूनच तिथे होते. "वेळेवर सावली मिळाली म्हणून वाचल्या," असे म्हणून नर्सबाईने गाडी बोलावून तिला दवाखान्यात नेले.

खरी शोभा पुढेच झाली. संध्याकाळी मालक आला. त्याने पाहिले, विटा उघड्या आणि ताडपत्री पंपाच्या खोलीवर. नर्सबाईचे म्हणणे त्याच्या कानावर गेलेच होते. तो मुकादमाजवळ गेला आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "ढग डोक्यावर असताना तू विटा सोडून माणसं झाकलीस. मागच्या वर्षी मी बोललो ते विसर. माणूस असावा तर असा." मुकादम खाली मान घालून उभा राहिला. मालकाला वाटले, किती विनयी गडी आहे. एवढ्यावरही भागले नाही. मालकाने माझा फाटलेला कोपरा नव्या कापडाचे ठिगळ लावून शिवून आणायला सांगितला. ते ठिगळ अजून आहे. लोकांना मेडल मिळतात, तसे ते माझ्या अंगावर शिवले गेले आणि मला आयुष्यात कशाची लाज वाटली नाही इतकी त्या ठिगळाची वाटते.

आत्या वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. तिचा उजवा हात कापू लागला. जरा उन्हात गेली की तिला भोवळ येई. मुलांना उचलून घेणे तिच्याने होईना. तरी तोंडाने तिचे चालूच असायचे, कोणी भेटायला आले की ती सांगायची, "बारक्याने सावली केली म्हणून मी आहे." ती असे म्हणाली की मुकादम उठून बाहेर जायचा. सगळ्या भट्टीला खरे माहीत होते आणि सगळी भट्टी गप्प होती.

हंगाम संपला. मुकादमाला मी डोळ्यांसमोर नको होते. त्याने मला ओलीच गुंडाळली आणि कोळशाच्या पोत्यांमागे कोंबली. पावसाळा गेला, थंडी गेली. माझ्या घड्यांना बुरशी धरली, मेणाला तडे गेले, उंदरांनी एका कडीशेजारी भोक पाडले. कोणी आठवण काढली नाही. मला वाटले, बरोबरच आहे. जी नको तिथे पडून राहिली, तिने अंधारातच पडून राहावे.

पण उन्हाळा कोणाची वाट बघत नाही. तो आला आणि मला बाहेर काढावेच लागले. मला झटकताना धुळीचा लोट उठला, मुले शिंकली. पुन्हा बांबू, पुन्हा झोळी, पुन्हा माठ. आत्या आता स्टुलावर बसून मुलांना सांभाळत होती. आणि एके सकाळी रेडिओने पुन्हा तीच दोन वाक्ये सांगितली.

दुपारच्या आधी डोंगरावर ढग जमले. मुकादम माझ्या दोरीपाशी येऊन उभा राहिला. हात गाठीवर, नजर डोंगरावर. त्याचा हात गाठ सोडीना आणि तिथून निघेनाही.

आत्या म्हणाली, "काय रे बारक्या, सोडायचीय का?"

"नाही. म्हणजे... ढग आहेत."

"मग विचार की."

"काय विचारू?"

"मागच्या वर्षी विचारलं नाहीस ते."

मित्रांनो, माझे अंग इतके गार कधीच पडले नव्हते. तिला सगळे आठवत होते. उघडे बांबू, "तेवढ्यापुरतं निभावून ने", सगळे. त्या पंपाच्या खोलीपुढे शुद्धीवर येताच तिने पहिले काम केले असेल तर ते हे, की मला आणि आपल्या भाच्याला झाकले.

मुकादम गाठीवरचा हात काढून तिच्यापुढे खाली बसला. "तुला आठवतंय?"

"ऊन डोक्यात गेलं होतं रे. डोकं नव्हतं गेलं."

"मग सगळ्यांना तसं का सांगत फिरलीस?"

"तुझं तोंड बघवेना," आत्या म्हणाली. कापरा हात तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. "आणि मी काय नाही म्हणाले असते का? विटा काय परक्या आहेत? आपल्याच बायकांनी थापल्यात. विचारलं असतंस तर म्हटलं असतं, अर्धी ने, अर्धी राहू दे."

"अर्धी कशी नेणार? एकच तर आहे."

"विळा आहे ना?"

मुकादमाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मालकाच्या मालकीची होते. मला फाडायचा त्याला अधिकार नव्हता. तो उठला आणि विळा घेऊन आला. मला जमिनीवर पसरले. "सरळ काप," आत्या स्टुलावरून सांगत होती, "सरळ रे! रेघ धर!" पण त्याचे डोळे भरून आले होते आणि समोरचे त्याला नीट दिसत नव्हते. म्हणून माझी ही कड अशी वाकडी आहे. दुखले का म्हणाल, तर दुखले. पण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

माझा एक तुकडा विटांवर गेला. एक बांबूंवर चढला, तो मी. ठिगळही माझ्याच वाट्याला आले. काम संपते न संपते तोच मालक अंगणात हजर. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अख्ख्या ताडपत्रीचं वाटोळं कुणी केलं?"

"मी केलं, मालक," मुकादम म्हणाला. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "आणि मागच्या वर्षी आत्या सावलीत नव्हती. सावली मी काढली होती. पोरांच्या डोक्यावरून काढून विटांवर घातली होती. तुम्ही माझी पाठ थोपटलीत, ती शाबासकी परत घ्या."

साचे थांबले. मालकाने आत्याकडे पाहिले, तिचा कापरा हात पाहिला. तो विटांच्या रांगेकडे गेला आणि उगाचच एक वीट चाचपून बघू लागला.

मुकादम तिथेच उभा होता. आता आपले काय होणार हे त्याला कळत नव्हते. तेव्हा आत्याने हाक मारली. भर अंगणात, सगळ्या माणसांसमोर, जन्मात पहिल्यांदा तिने त्याला तसे म्हटले.

"मुकादम, तेवढा इकडचा दोर ओढा. पोरांच्या पायांवर ऊन येतंय."

त्याने डोळे पुसले आणि दोर ओढला.

त्या दुपारी पाऊस आला. फार नाही, पण आला. माझा दुसरा तुकडा जिथवर पोहोचला नाही तिथल्या दोन रांगा विरघळल्या. माझ्या वाकड्या कडेवरून गळलेल्या पाण्याने दोन मुले भिजली आणि खिदळत आणखी पुढे सरकली. गुडघेदादा आनंदाने ओरडले, "बघा, गुडघा खोटं बोलत नाही!" मालक पुटपुटत निघून गेला. त्याने मुकादमाला काढून टाकले नाही. नवी ताडपत्रीही घेऊन दिली नाही.

तेव्हापासून मी अशी अर्धी आहे. माझा दुसरा तुकडा समोरच विटांवर असतो, पण आमचे बोलणे होत नाही, वारा आला की दोघी नुसत्या फडफडतो. अर्धी असल्याने मी कोणालाच पुरी पडत नाही. सूर्य सरकला की कोणाचा तरी पाय उन्हात राहतो, मग मुले सरकून घेतात. येणारा-जाणारा विचारतो, हिला काय झालं? आणि आत्याचा हात कापताना दिसला की माझी लाज पुन्हा ताजी होते. ती जावी असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला ओली गुंडाळू नका, भोक पडले तर वेळेवर ठिगळ लावा, एवढे मागणे आहेच. पण माझे खरे मागणे दुसरे आहे. कुठलीही दोरी सोडण्याआधी खाली कोण बसले आहे ते बघा आणि त्याला विचारा. रेडिओवरच्या बाई आजही रोज सकाळी सांगतात, मैदानात ऊन, पायथ्याला पाऊस. आपण नेमके कुठे आहोत, हे त्यांना तिथून दिसत नाही. ते माझ्याखाली बसलेल्यांनाच ठाऊक असते.